एका काडीच्या रेंजवर

नाथाजी सूर्यवंशी चिडला की आधी त्याचे कान लाल होत, मग आवाज चढे, आणि आवाज चढला की निंबखोरीत तीन घरं पलीकडची माणसं आपापलं दार पुढं लोटून घेत. पेन्शनीवर येऊन नऊ वर्षं झाली होती, पण अंगातली फौज काही उतरली नव्हती. गावात पाण्याची मोटार बिघडली तर तो चिडे, ग्रामसेवक उशिरा आला तर चिडे. मात्र सगळ्यात जास्त चिडे तो एका वाक्यावर. कुणी हात वर करून "रेंजच न्हाई" म्हणालं, की संपलं.

त्याला कारण होतं. चोवीस वर्षं त्याने फौजेच्या सिग्नल्समध्ये काढली होती. बर्फात बॅटऱ्या गारठून मरत, वायरलेस सेटमधून माणसाच्या आवाजाऐवजी नुसती खरखर येई, तरी खालच्या चौकीचा निरोप वरच्या चौकीला पोचलाच पाहिजे, हे त्याचं काम. पोचला नाही तर का पोचला नाही याचा जबाब द्यावा लागे, आणि त्या जबाबात "रेंज न्हाई" असं लिहून चालत नसे.

निंबखोरी आटपाडीच्या पुढं, डोंगराच्या पोटात बसलेली. टॉवर डोंगरापलीकडं. गावात मोबाइलची एक काडी दिसे, वाऱ्याच्या मनात असलं तर दोन. नाथाजीची बायको शालूबाई सांगलीच्या एका धर्मादाय संस्थेची आरोग्यसेविका होती. गावातल्या आणि चार वस्त्यांवरच्या गरोदर बायकांची वजनं घ्यायची, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या. बोलायला मवाळ, चालायला चपळ. पंधरा वर्षं तिने हे सगळं एका जाड वहीत लिहिलं. मग संस्थेने वह्या गोळा करून नेल्या आणि प्रत्येकीच्या हातात एक फोन दिला. फोनमध्ये 'जीवनसखी' नावाचं ॲप.

ॲप उघडलं की आधी एका हसऱ्या आईचं आणि गुबगुबीत बाळाचं चित्र यायचं. ते यायलाच निंबखोरीत दोन मिनिटं लागत. मग आठ पानांचा फॉर्म, प्रत्येक पान नव्याने खाली उतरायचं, आणि शेवटी फोटो. सगळं भरून 'पाठवा' दाबलं की एक गोल चक्र फिरत राही. फिरता फिरता थांबे आणि अक्षरं येत : 'काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.' फॉर्म कोरा. आठही पानं पुन्हा पहिल्यापासून.

"काहीतरी म्हंजे काय?" नाथाजी फोनवरच ओरडायचा. "काय चुकलं ते सांग की! कुठं चुकलं, किती गेलं, किती ऱ्हायलं! असला रिपोर्ट फौजेत दिला असता तर साहेबानं उभं जाळलं असतं!"

पण खरं सांगायचं तर पहिले काही महिने तो फोनपेक्षा बायकोवर जास्त ओरडला. "तुला दाबाया येत न्हाई. बोट थरथरतंय तुझं," असं म्हणायचा. शालूबाई फोन पदरात गुंडाळून बिरोबाच्या देवळामागच्या टेकाडावर चढायची, कारण तिथं दोन काड्या मिळत. दिवसभराच्या फेरीनंतर ती टेकाडावर फोन धरून उभी असलेली गाव रोज बघायचं.

गावातल्या आप्पासोंची सून संयोगिता आठव्या महिन्यात होती. पहिलटकरीण. मार्चमधल्या एका मंगळवारी शालूबाई तिच्याकडं गेली तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते. पोरीचे पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे. शालूबाईने बीपी घेतलं. एकशे सत्तरवर एकशे दहा. पट्टा सोडून पुन्हा घेतलं. तेवढंच.

असं झालं की काय करायचं ते तिला पाठ होतं. ॲपमध्ये 'धोक्याची सूचना' भरायची, ती संस्थेच्या आटपाडीतल्या गाडीच्या ड्रायव्हरला दिसते, गाडी सुटते. अंगणात उभं राहून तिने फॉर्म भरायला घेतला. या सूचनेत तर पहिल्याच पानावर सुजलेल्या पायांचा फोटो मागितला, त्याशिवाय पुढचं पान उघडेना. फोटो काढला. चक्र फिरलं. 'काहीतरी चुकले.' पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच झालं तेव्हा तिने सरळ संस्थेच्या ऑफिसला फोन लावला. तो तीनदा कट झाला, चौथ्यांदा लागला. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "ताई, ॲपवर नोंद दिसत नाहीये. नोंद झाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. तुम्ही पुन्हा प्रयत्न करा ना."

शालूबाईने अंगणातनं चौथ्यांदा भरून बघितला, तोही गेला नाही, मग ती टेकाडावर पळाली. तिथनं पाचव्यांदा भरला. चक्र सात मिनिटं फिरलं आणि थांबलं.

नाथाजी तेव्हा लांबच्या शेतात डाळिंबाला औषध मारत होता. निरोप घेऊन माणूस पोचेपर्यंत साडेबारा झाले. तो पंप तिथंच टाकून आला, गावातल्या लालासाहेबाला त्याची पिकअप गाडी काढायला लावली, मागं गादी टाकली, संयोगिताला निजवलं, आणि अशी गाडी हाणायला लावली की आप्पासो कडेला धरून देवाचं नाव घ्यायला लागले. आटपाडी चार किलोमीटर उरलं असताना पोरीला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. शालूबाईने तिला कुशीवर वळवून धरली.

आटपाडीत इंजेक्शन दिलं आणि तिथनं सांगलीला हलवलं. संयोगिता वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

"दीड-दोन तास आधी आली असती तर," एवढंच म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. नाथाजीने भिंतीवर मूठ आपटली, ती अशी की पुढं आठवडाभर त्याला त्या हाताने भाकरी मोडता येईना.

तरीही या सगळ्यात तो एक वेळ गप्प बसला असता. दुःख ज्याच्या घरचं, तिथं आपण आरडाओरडा करू नये, एवढं त्याला कळत होतं. पण अठराव्या दिवशी संस्थेचं पत्र आलं, शालूबाईच्या नावाचं. 'अतिजोखमीच्या मातेची नोंद आपण वेळेत केली नाही. आमच्याकडील माहितीनुसार आपली नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी प्राप्त झाली. याबाबत लेखी खुलासा करावा.' ती नोंद शालूबाईने दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात बसून पुन्हा भरलेली होती.

शालूबाईने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "खरंच माझंच बोट चुकलं आसंल का वो?"

नाथाजीचे कान लाल झाले. पण आवाज चढला नाही. ते वाक्य तिच्या तोंडात कुणी घातलं होतं ते त्याला ठाऊक होतं.

"तुझं काय बी चुकलं न्हाई," तो म्हणाला. "फोन दे हिकडं. आन् ते पत्र बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीने सांगलीला आणि तिथनं कुपवाडला पोचला. ॲप बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता ॲपमध्येच तळाला बारीक अक्षरांत होता. एमआयडीसीत, दोन फाउंड्र्यांच्या मधल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. काचेचा दरवाजा, आत गारवा, पोरंपोरी कानाला हेडफोन लावून बसलेली.

पुष्कर नावाचा इंजिनिअर बाहेर आला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्याने फोन घेतला, ऑफिसच्या वायफायला जोडला आणि ॲप उघडलं. हसरी आई क्षणात आली. आठ पानं सरसर उघडली. फोटोसुद्धा गेला.

"चालतंय की काका," तो म्हणाला.

"हितं चालतंय," नाथाजी म्हणाला. "हितं बाया बाळंत हुत्यात व्हय?"

आवाज सगळ्या हॉलभर गेला. हेडफोन निघाले. केबिनमधनं सुमंत सर आले, ते कंपनीचे मालक. गृहस्थ सभ्य होते. पाणी मागवलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं. पण बघा, नेटवर्क आमच्या हातात नसतं. तुमच्या भागात रेंजचाच प्रश्न आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन बघता का?"

"रेंज न्हाई," नाथाजी हळू म्हणाला. मग उठला. "चोवीस वर्षं रेंज नसलेल्या जागी नोकरी केली मी, साहेब. आमच्या सेटला तुमच्या ह्या एका काडीएवढा बी जीव नसायचा. त्यातनं जखमी माणसाचा निरोप खाली धाडायचो, आन् हेलिकॉप्टर यायचं. रेंज न्हाई हे तुमाला ॲप करायच्या आधी ठावं न्हवतं? गावातल्या बायांसाठी केलं न्हवं ते? मग गाव बघितलं हुतं कुणी? हात वर करा, कोण आलं हुतं आमच्याकडं!"

कुणाचाच हात वर झाला नाही.

"मी जात न्हाई हितनं," तो म्हणाला आणि मीटिंगच्या खोलीत जाऊन बसला. "पोलिसाला बोलवायचं तर बोलवा. त्याला बी हेच सांगतो."

पोलिसाला कुणी बोलावलं नाही. पाचेक मिनिटांनी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आत आली. ज्ञानदा तिचं नाव, सांगलीचीच. ॲप तपासून त्यातल्या चुका काढणं हे तिचं काम. ती सुमंत सरांना म्हणाली, "सर, एकदा तुम्ही स्वतः भरून बघा ना. मी या फोनचं नेटवर्क इथनं निंबखोरीएवढं मंद करते. तसं करता येतं."

सुमंत सर बसले. मोठ्या पडद्यावर फोनचं चित्र सगळ्यांना दिसत होतं. हसरी आई कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू उतरली. सर तिसऱ्या पानापर्यंत गेले, आणि अडकलं. फॉर्म कोरा. त्यांनी पुन्हा भरला. सहाव्या पानावर कोरा. तिसऱ्या खेपेला 'पाठवा'पर्यंत पोचले, चक्र फिरत राहिलं. 'काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.' सरांनी फोन टेबलावर जवळजवळ फेकलाच.

"आता बाजूला झटका आलेली पोर ठेवा," नाथाजी म्हणाला. "आन् भरा पुन्हा."

ज्ञानदाने पडद्यावर दुसरं काहीतरी उघडलं. चुकांची यादी होती ती. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं : 'मंद नेटवर्कवर फॉर्म पुसला जातो.' पुढं तिचं नाव. पुढं तारीख, नोव्हेंबरातली. त्यापुढं शेरा : 'नंतर बघू.'

नाथाजीने तारीख दोनदा वाचली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. चार महिने त्याने बोटांवर मोजले.

"तुला ठावं हुतं?"

"होतं काका."

"मग वरडली का न्हाईस?"

ज्ञानदाचे डोळे भरून आले. नाथाजीला त्याचंही काही वाटलं नाही त्या वेळी. तो एवढंच म्हणाला, "परवा निंबखोरीला या. जे ह्ये ॲप करत्यात त्यांनी यावं. येताना आपापले फोन आना."

पुष्कर आणि ज्ञानदा आले. खिंड ओलांडल्यावर पुष्करने सवयीने खिशातला फोन काढून वर धरला. "धर, धर," नाथाजी म्हणाला, "अजून वर धर. आमच्या बाया असंच धरत्यात."

त्याने त्या पोराला आप्पासोंच्या अंगणात नेलं आणि नेमकं तिथंच उभं केलं, जिथं त्या दिवशी शालूबाई उभी होती. "भर," म्हणाला. पुष्करने भरायला घेतलं. एप्रिलचं ऊन. आप्पासो ओसरीवर बसून नुसते बघत होते. पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला नाही. चौथ्या वेळेला घरातनं एक बारीक, फिकट पोरगी हातात तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुण्यांना पाणी द्यायला. पुष्करने तांब्या घेतला, आणि ती कोण ते त्याला सांगावं लागलं नाही. तिने त्याच्या हातातल्या फोनकडं बघितलं. फिरतं चक्र बघितलं. मग आत गेली.

परत येताना वाटेत पुष्कर एकदम उसळला. "आम्ही काय मुद्दाम केलं का काका? आल्यापासून तुम्ही असे बोलताय जसं काही आम्हीच—"

"मुद्दाम केलं असतंस तर आतापतोर तुझं काय केलं असतं ते तुला कळलं असतं," नाथाजी म्हणाला. "तू मुद्दाम न्हाई केलंस. तू बघितलंच न्हाईस. मला त्याचाच राग हाय."

पुढं तीन दिवस दोघं शालूबाईच्या घरी राहिली. ज्ञानदाने शालूबाईचा फोन लॅपटॉपला जोडला आणि त्या मंगळवारची फोनमध्ये आपोआप उमटलेली नोंद बाहेर काढली. पाठवायचे पाच प्रयत्न. पहिला अकरा वाजून दोन मिनिटांनी, शेवटचा बारा वाजून चार मिनिटांनी. पाचही फोनमधनं निघाले होते, पोचला एकही नव्हता. शालूबाईने ते आकडे बघितले आणि आत जाऊन चुलीपुढं बसली.

नाथाजीने फळीवरनं आपलं जुनं मेसेज पॅड काढलं, निरोप लिहायचं.

"हे बघा," तो म्हणाला. "निरोप आधी कागदावर लिवायचा, मग सेटवर बोलायचं. सेट मेला तरी कागद ऱ्हातो. तुमचा फॉर्म पुसतोच कसा? आधी फोनात लिवून ठेवा. दुसरं. आधी काय सांगायचं? कोण, कुठं, काय झालं. तीन गोष्टी. फोटो-बिटो मागनं. जखमी माणूस हाय म्हणल्यावर त्याचा फोटो कोण मागतं आधी?"

पुष्कर लिहून घेत होता. "म्हणजे धोक्याची सूचना चार ओळींची करायची," तो म्हणाला. "फोटो बारीक करून, तुकडे करून मागनं पाठवायचा. तुटला तर जिथं तुटला तिथनं पुढं."

"तिसरं. 'मिळाला' असं पलीकडनं येईस्तवर निरोप आपल्याकडं जिता. पर सारखं वरडायचं न्हाई, बॅटरी मरती. थोडं थांबायचं, मग जरा जास्त थांबायचं. आन् परतेक निरोपाला नंबर. म्हंजे एकच दोनदा पोचला तरी पलीकडच्याला कळतं, ह्यो तोच हाय."

"आणि इंटरनेट अजिबातच नसलं तर साध्या एसएमएसने जाऊ दे," ज्ञानदा म्हणाली. "चार ओळी एसएमएसमध्ये मावतात."

"ते चित्र?" आतनं शालूबाईचा आवाज आला. "त्या हसऱ्या बाईचं?"

"काढून टाकतो," पुष्कर म्हणाला.

काम दोन महिने चाललं. प्रत्येक नव्या बदलासोबत पुष्कर कुपवाडहून यायचा, कधी मोटारसायकलवर, आणि नाथाजी त्याला ओढ्यात, वस्तीवर, विहिरीच्या काठाला, जिथं काडी मरते तिथं उभं करायचा. नाही गेला निरोप की शिव्या. गेला तरी कौतुक नाही. "किती सेकंद?" एवढंच विचारायचा. नऊ म्हटलं की म्हणायचा, "नऊ लय हुत्यात."

जुलैत ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवर रंगुबाईच्या लेकीला वेळेआधी कळा सुरू झाल्या, अंगावरनं जायला लागलं. वस्तीवर एकही काडी नव्हती. शालूबाईने चार ओळी भरल्या, दाबलं. पडद्यावर आलं : 'फोनमध्ये जपून ठेवले आहे. एसएमएसने पाठवत आहे.' कुठली तरी काडी क्षणभर डोकावली असावी. थोड्याच वेळात खाली अक्षरं आली : 'मिळाला. गाडी निघाली.' गाडी चाळीस मिनिटांत आली. बाळंतीण आणि तिची मुलगी दोघी सुखरूप घरी आल्या.

हे कळल्यावर नाथाजी खूश होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो गोठ्यामागं जाऊन एकटाच मोठ्याने शिव्या देत बसला. कुणाला ते कळेना. चार ओळी. एवढंच लागत होतं. नोव्हेंबरातसुद्धा एवढंच लागत होतं.

संस्थेचं दुसरं पत्र आलं. 'तांत्रिक कारणामुळे झालेल्या विलंबाबाबत आपणांस दिलेला खुलाशाचा आदेश रद्द करण्यात येत आहे.' सोबत आमंत्रण, वर्धापनदिनाला नाथाजीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. तो गेला. धुतलेला शर्ट, छातीवर मेडलं लावून गेला. शाल पुढं केली तशी त्याने हाताने थांबवली आणि माईक घेतला.

"शाल नको. पत्रात माझ्या बायकोची माफी न्हाई. तांत्रिक कारण म्हंजे कोण? त्याचं नाव काय? तांत्रिक कारण आमच्या गावाला कवा आलं न्हाई. ज्यानं 'नंतर बघू' लिवलं, त्यानं निंबखोरीला यावं आन् दोन बायांफुडं उभं ऱ्हावं."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी घाईने पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव पुकारलं.

दोन आठवड्यांनी सुमंत सर आले. एकटे, गाडी स्वतः चालवत. तो शेरा त्यांचाच होता. ते शालूबाईपुढं उभे राहिले, हात जोडून माफी मागितली. शालूबाईने त्यांना चहा दिला. पुढं ते आप्पासोंच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं ते नाथाजीने विचारलं नाही. लांबनं त्याला एवढंच दिसलं की आप्पासोंनी त्यांना बसायला सांगितलं नाही, आणि ते अर्धा तास अंगणात उभेच होते.

त्या दिवशी संध्याकाळी संयोगिता शालूबाईकडं आली. मार्चपासून ती या घरी आली नव्हती. नाथाजी अंगणात दोर वळत होता, त्याला वाटलं उठून जावं, पण तिने त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"काकी," ती म्हणाली, "त्या दिशी तुमी किती येळा दाबलं हुतं वो?"

"पाच येळा," शालूबाई म्हणाली. "शेवटचं टेकाडावरनं."

"मला घरात वाटत हुतं, तुमी गेलासा. सोडून गेलासा म्हणून."

"न्हाई गं बाई. मी पळत हुते."

संयोगिता तिच्या शेजारी बसली. शालूबाई तांदूळ निवडत होती, तिनेही ताटातले खडे वेचायला घेतले. नाथाजीच्या हातातला दोर थांबला. त्याचे कान तापले होते, आणि ज्याच्यावर ओरडावं असं अंगणात कुणीच नव्हतं.